आधी नाच शिक, मग सावलीत शिर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळात शॅडोडान्सर, म्हणजे सावलीत नाहीसा होणारा, व्हायचं असेल तर नाचता आलं पाहिजे. ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. ज्याला पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचंय, त्याच्याकडे नियमांचं पुस्तक काय काय मागतं? लपण्याच्या कौशल्यात 10 रँक, हे समजलं. दबक्या पावलांनी चालण्यात 8, तेही समजलं. कॉम्बॅट रिफ्लेक्सेस, डॉज आणि मोबिलिटी ही तीन फीट्स, म्हणजे खास करामती, ठीक. आणि त्या यादीत मध्येच, कुणीतरी खोडी काढल्यासारखं: परफॉर्म, नृत्य, 5 रँक. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2003 सालच्या नियमांतली ही यादी. माझा चोर अजून पहिल्या लेव्हलवर धडपडत होता तेव्हापासून मी तिच्यावर बोट ठेवून बसले होते.

ज्यांनी हे खेळ कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि डंजन मास्टर, म्हणजे डीएम, बाकीचं सगळं जग चालवतो. क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा: फायटर (लढवय्या), विझार्ड (विद्येने मंत्र टाकणारा), क्लेरिक (देवाचे मंत्र टाकणारा), रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर) आणि असे बरेच. साहसांतून अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते. काही पेशे मात्र पहिल्या दिवशी घेताच येत नाहीत. त्यांच्या दाराशी अटी लिहिलेल्या असतात. मला या खेळातल्या ड्रॅगनांपेक्षा आणि खजिन्यांपेक्षा या अटींचंच वेड जास्त. माणूस लायक कशाने ठरतो, याबद्दल खेळ रचणाऱ्याचं जे काही मत असेल ते तो प्रस्तावनेत लिहीत नाही. ते इथे उघडं पडतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ आणला तेव्हा त्यात क्लास होते तीनच. ताकद, बुद्धी, करिश्मा असे सहा गुण फासे टाकून ठरायचे. आपल्या क्लासला लागणारा गुण चांगला पडला तर अनुभव जरा भराभर साठायचा, वाईट पडला तर रडतखडत, पण दार कुणालाही बंद नव्हतं. पुढच्याच वर्षी ग्रेहॉक नावाची पुरवणी आली आणि तिच्यातून पॅलॅडिन आला: धर्मासाठी लढणारा, हाताच्या स्पर्शाने जखमा भरणारा. त्याच्यासाठी करिश्मा 17 हवा आणि पहिल्या दिवसापासून वागणं नीतीला धरून हवं. सहा बाजूंचे तीन फासे टाकले तर 216 प्रकारे पडू शकतात. त्यांतले 17 किंवा त्याच्या वर जाणारे प्रकार फक्त 4. म्हणजे चोपन्नात एक.

1978 च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत अटी आणखी वाढल्या. करिश्मा 17 तर हवाच, शिवाय ताकद 12, शहाणपण 13, बुद्धी आणि चिवटपणा 9, आणि जात माणसाचीच. पुढच्या वर्षी डीएमच्या पुस्तकात फासे टाकायच्या जरा उदार पद्धती आल्या. चार फासे टाका, सगळ्यांत लहान फासा बाजूला काढा, असं सहा वेळा करा आणि आलेले आकडे हव्या त्या गुणांना वाटा. या पद्धतीने सहांपैकी निदान एका आकड्यात 17 किंवा 18 येण्याची शक्यता 30 टक्क्यांच्या आसपास जाते. पण मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरच्या वाटपात. हातात एकुलता एक 17 आहे. फायटर तो ताकदीत टाकेल आणि आयुष्यभर त्याची फळं खाईल. पॅलॅडिनला तो करिश्म्यात टाकावा लागतो, जिथे तलवार चालवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. नशिबाने दिलेली सगळ्यांत चांगली गोष्ट पॅलॅडिन पहिल्याच मिनिटाला देवापुढे ठेवून मोकळा होतो. नियम लिहिणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल का, मला शंका आहे. पण कागदावर ते तसंच घडतं.

आणि हा पॅलॅडिन आत आला म्हणून सुटला नाही. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की पॅलॅडिनपण गेलं, कायमचं. प्रायश्चित्त घेऊन परत मिळवायची सोय नाही. जादूच्या वस्तूही मोजून दहाच बाळगायच्या. आत येण्याची अट एकदाची, आत राहण्याची रोजची. या दुसऱ्या प्रकाराबद्दल फार कमी बोललं जातं. मला तर वाटतं की पॅलॅडिनवरून टेबलाटेबलांवर जी भांडणं होतात (आणि होतातच) त्यांचं मूळ इथेच आहे. बाकी सगळ्यांची परीक्षा झालेली असते, याची चालूच.

त्याच 1978 च्या पुस्तकात, अगदी शेवटी परिशिष्टात, बार्ड होता. आज बार्ड म्हटलं की पहिल्या लेव्हलपासून तंतुवाद्य खांद्याला लावून फिरणारा गवई डोळ्यांपुढे येतो. तेव्हा गवई व्हायला आधी फायटर व्हावं लागे. 5वी लेव्हल गाठायची, पण 8वी यायच्या आत तलवार खाली ठेवायची आणि चोर व्हायचं. चोरीतही 5वी लेव्हल तरी गाठायची. मग ती विद्याही सोडून ड्रुइडांच्या, म्हणजे जंगलातल्या पुरोहितांच्या, हाताखाली शिकायला जायचं, तेव्हा कुठे गळ्यातून पहिला सूर. वर चार गुण 15 किंवा जास्त हवेत, बुद्धी 12, चिवटपणा 10. इतकं जमवून बार्ड झालेलं कॅरेक्टर मी प्रत्यक्ष टेबलावर पाहिलेलं नाही. पण कल्पना करून पाहा. जो लढलाय, ज्याने रात्री दुसऱ्यांच्या खिडक्यांतून आत उड्या घेतल्यात आणि मग जंगलात जाऊन गप्प बसायला शिकलाय, तो गाणार. त्याच्याकडे गाण्यासारखं काहीतरी असणारच. एवढा किचकट नियम, आणि आजवर वाचलेल्यांत मला सगळ्यांत आवडतो तोच.

त्या काळच्या मंक (लढणारा साधू), ड्रुइड आणि अॅसॅसिन (मारेकरी) यांच्या वरच्या पायऱ्या याहून विचित्र. तिथे जागाच मोजक्या. 12व्या लेव्हलचे ड्रुइड नऊच, आर्चड्रुइड तीन, ग्रेट ड्रुइड एकच. अनुभव साठला तरी आधीच्याला लढाईत हरवल्याशिवाय त्याची जागा मिळत नाही. मंकांच्या शिखरावर ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स, त्याचं नाव फुलांचं असलं तरी गादी मारामारीनेच मिळायची. वाचायला हे भारी वाटतं. खेळायला मात्र एकाचं द्वंद्व चालतं आणि उरलेले चौघे फाशांचे मनोरे रचत बसतात, म्हणून बहुतेक डीएम हा भाग पटकन उरकतात किंवा विसरून जातात.

1984 मध्ये, खेळाच्या दुसऱ्या, सोप्या म्हणवल्या जाणाऱ्या शाखेत, कंपॅनियन नावाचा संच आला. त्यात हीच गोष्ट अगदी वेगळ्या बाजूने मांडली होती. फायटर 9व्या लेव्हलला पोचला की त्याच्यापुढे प्रश्न: जमीन घेऊन गढी बांधून स्थिरावणार, की फिरता राहणार? फिरत्याला तीन वाटा. नीतीच्या बाजूचा पॅलॅडिन, अनागोंदीच्या बाजूचा अॅव्हेंजर, किंवा कुणा राजाशी इमान बांधणारा नाइट. म्हणजे एका शाखेत पॅलॅडिन जन्माला येतो आणि दुसऱ्या शाखेत तो अर्धं आयुष्य लढून झाल्यावर, घरदार नको म्हणून, होतो. एकाच कंपनीची दोन पुस्तकं, एकाच वेळी बाजारात. मला दुसरा जास्त पटतो. सतराचा आकडा घेऊन जन्मलेल्या माणसाच्या चांगुलपणाचं मला तितकंसं कौतुक नाही.

मग 2000 साल आलं, तिसरी आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर प्रेस्टिज क्लास, म्हणजे अटी पुऱ्या केल्यावरच घेता येणारे पेशे. माझी पिढी यांच्यावरच वाढली. डीएमच्या पुस्तकात ते ऐच्छिक म्हणून दिले होते, डीएमने आपल्या जगाला शोभतील तेवढे घ्यावेत असं स्पष्ट लिहून. आर्केन आर्चर, अॅसॅसिन, ब्लॅकगार्ड, ड्वॉर्व्हन डिफेंडर, लोरमास्टर, शॅडोडान्सर, असे सहाच. नंतर त्यांचं इतकं पीक आलं की पुस्तकागणिक नवे निघाले, आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द सगळे विसरले.

इथे फाशांची सद्दी संपली आणि हिशेबाची सुरू झाली. आर्केन आर्चर, म्हणजे मंत्र जाणणारा तिरंदाज, व्हायचं? एल्फ किंवा अर्धा एल्फ हवा. बेस अटॅक बोनस, म्हणजे वार लागण्यासाठीचा मूळ आकडा, 6 हवा. तो फायटरला 6व्या लेव्हलला मिळतो, रोगला 8व्या, विझार्डला थेट 12व्या. पॉइंट ब्लँक शॉट, प्रिसाइज शॉट आणि धनुष्यातलं वेपन फोकस ही फीट्स हवीत. शिवाय पहिल्या पातळीचा एखादा आर्केन, म्हणजे विद्येचा, मंत्र टाकता यायला हवा. मग काय, सगळे तेच करायचे: फायटरच्या लेव्हल घ्यायच्या, आणि मध्येच कुठेतरी एक लेव्हल विझार्डची, दाखल्यापुरती. त्या एका लेव्हलमध्ये कॅरेक्टर मंत्रांची वही मिळवायचं, अक्षरं गिरवायचं, गुरू करायचं, आणि हे सगळं टेबलावर एका वाक्यात संपायचं: “मी एक विझार्ड घेतला.” त्या वहीतले मंत्र नंतर कुणी वापरल्याचं आठवत नाही.

याला आम्ही बिल्ड म्हणायचो. विसाव्या लेव्हलचं कॅरेक्टर आधी कागदावर पुरं करायचं आणि तिथून उलट्या पावलांनी पहिल्या लेव्हलपर्यंत यायचं. कॅरेक्टरचं भविष्य ठरलेलं, आता फक्त त्याला जुळेल असा भूतकाळ शोधायचा. पुष्कळ जाणते खेळाडू याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ती आकडेमोड करताना जो आनंद मिळतो तो खराच आहे, आणि तो एकट्याने, रात्री, खेळ नसलेल्या दिवशीही घेता येतो. माझी तक्रार वेगळी आहे. बेस अटॅक बोनस 6 ही अट पुरी होते तेव्हा जगात काहीच घडत नाही. आकडा पाचाचा सहा होतो, खोडरबर फिरतं, दार उघडतं. कुणी पाहिलं नाही, कुणाचं काही गेलं नाही.

काही अटी मात्र मधल्या लेव्हलांत घाम काढतात. मिस्टिक थर्जला देवाचे आणि विद्येचे, दोन्ही प्रकारचे मंत्र दुसऱ्या पातळीपर्यंत यावे लागतात. म्हणजे तीन लेव्हल क्लेरिकच्या, तीन विझार्डच्या. सहाव्या लेव्हलला सोबतचा निव्वळ विझार्ड फायरबॉल टाकून मोकळा होतो आणि आपला दोन्ही डगरींवर पाय ठेवलेला बिचारा अजून दुसऱ्या पातळीच्या मंत्रांत चाचपडत असतो. त्याला पार्टीने, म्हणजे सोबतच्या कॅरेक्टरांनी, सांभाळून घ्यावं लागतं. आमच्यात असा एक जण होता. त्याच्या दोन-तीन लेव्हल इतक्या केविलवाण्या गेल्या की आम्ही त्याच्या थर्ज होण्याची वाट त्याच्यापेक्षा जास्त आतुरतेने पाहत होतो. झाला तेव्हा टेबलावर टाळ्या पडल्या. निव्वळ विझार्ड नवव्या लेव्हलला गेला तेव्हा कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

तर माझा चोर. आमच्या डीएमचा एक हट्ट होता. लढाईतले आकडे वाढवताना तो काही विचारायचा नाही, पण कौशल्याचा रँक घ्यायचा म्हटला की पेन्सिल थांबवायचा. “हे तुझा चोर शिकला कुठे?” लपण्याचे रँक काढायला मला काही अडचण आली नाही, आम्ही सदा लपतच होतो. नाचाचं काय? मग पहिला रँक आला एका फिरत्या नाटक मंडळीकडून, जिला आम्ही खिंडीतून पार नेलं होतं. दुसरा एका तुरुंगात, शेजारच्या कोठडीतल्या म्हाताऱ्याने भिंतीवर ताल धरून शिकवला. तिसऱ्यापर्यंत पोचताना लक्षात आलं की हा नाच पोटालाही घालतो. परफॉर्मचा आकडा 15 च्या वर गेला की दिवसाला 1 ते 10 चांदीची नाणी सुटतात. लुटलेल्या खजिन्यापुढे ती चिल्लरच, पण चोराने आयुष्यात पहिल्यांदा कष्टाची कमाई केली होती आणि तो ती वेगळ्या पिशवीत ठेवायला लागला.

अडचण पुढे आली, आणि ती नियमांत कुठेच लिहिलेली नाही. माझा चोर गावोगाव ओळखीचा झाला. जो माणूस पुढे जाऊन सावलीत नाहीसा होणार होता, त्याला पाहून बाजारात पोरं मागे लागायची. सरायवाले मोकळी जागा करून द्यायचे. एका कोठीत चोरी करायला शिरलो तर मालकीण खिडकीतून म्हणाली, “अहो, तुम्हीच ना ते, परवा नाचलात?” एक कौशल्य मला झाकत होतं आणि दुसरं उघड्यावर आणत होतं, आणि पुस्तकाला दोन्ही हवी होती. अटी लिहिणाऱ्याने हा पेच मुद्दाम घातला असेल असं मी म्हणणार नाही. डीएमने तो पकडला आणि सोडला नाही, एवढं खरं.

रँकची कमाल मर्यादा लेव्हल अधिक तीन, त्यामुळे लपण्याचे 10 रँक 7व्या लेव्हलआधी होतच नाहीत. 8व्या लेव्हलला मी शॅडोडान्सरची पहिली पायरी घेतली. तिच्यासोबत जे मिळतं त्यासाठीच सगळा खटाटोप असतो: कुणी पाहत असतानाही लपता येतं, फक्त दहा फुटांच्या आत कुठलीतरी सावली हवी. पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा माझा चोर भर चौकात मंचावर नाचत होता, आम्हाला शोधणारे शिपाई गर्दीत शिरलेले, मशालींच्या मागे पडद्याची लांब सावली. गिरकी घेतली आणि तो नव्हता. लोकांना वाटलं, हा नाचातलाच भाग. कडाडून टाळ्या. डीएमने शिपायांसाठी फासा टाकला, आकडा पाहिला आणि म्हणाला, “तेही वाजवतायत.”

नृत्याची अट का ठेवली असेल हा प्रश्न मी त्यानंतर कधी विचारला नाही.

पुढे मी स्वतः डीएम झाले तेव्हा अॅसॅसिनच्या अटीशी गाठ पडली. तिच्यातले रँक, वेषांतराचे 4, लपण्याचे 8, दबक्या चालीचे 8, हे सगळं नेहमीचंच. दुष्ट वृत्ती हवी हेही ओघाने आलं. पण शेवटची ओळ अशी की उमेदवाराने एखाद्याला ठार मारलेलं असावं, आणि मारण्यामागे अॅसॅसिनांत सामील होणं याखेरीज दुसरं कुठलंही कारण नसावं. ही अट गुणांनी विकत घेता येत नाही. ब्लॅकगार्डचीही एक अशीच आहे: कुठल्यातरी दुष्ट पारलौकिक जिवाशी न भांडता गाठभेट झालेली हवी. पण तिथे समोरचा सैतान तरी असतो. अॅसॅसिनच्या वाटेवर कोण उभा असतो? कुणीही.

माझा खेळाडू म्हणाला, “दोन सेशनच्या मध्ये उरकून टाकतो ना, लिहून ठेव.” मी नाही म्हटलं. टेबलावर कर. मग त्याने नावं काढायला सुरुवात केली. अमुक सरदार? त्याने तुमच्या पार्टीला फसवलंय, म्हणजे सूड झाला, कारण आलं. तो सावकार? त्याला मारून पैसे मिळतात, कारण आलं. डाकू? पार्टी तशीही त्याच्या मागावर आहे. एकेक नाव खोडताना त्याच्या लक्षात यायला लागलं की अट नेमकी काय मागते आहे. जगातल्या ज्या ज्या माणसाबद्दल त्याला काही वाटत होतं, ते सगळे बाद होत होते. उरले ते ज्यांचं त्याने काही बिघडवलं नव्हतं आणि ज्यांनी त्याचं काही बिघडवलं नव्हतं.

शेवटी त्याने रात्रीच्या वेळी नदी पार करून देणारा एक नावाडी निवडला. आम्ही पूर्वी कधी त्याच्या नावेत बसलो नव्हतो. मी वर्णन करायला लागले, तर खेळाडू घाईघाईने म्हणाला, “नाव नको सांगूस त्याचं.” मी सांगितलं. डीएमने काही काही वेळा निष्ठुर व्हावं असं माझं मत आहे, आणि ही वेळ तीच होती. तीन राउंड पाहत राहायचं आणि मग वार करायचा, हे या पेशाचं खास तंत्र त्याला अजून मिळायचंच होतं. तेव्हा त्याने साधाच वार केला आणि नावाडी लगेच मेला नाही. दोन वेळा फासे टाकावे लागले.

त्याचं काम झालं, क्लास मिळाला, सगळी तंत्रं मिळाली. बाकीच्या पार्टीला हे कळलं नव्हतं, पण बाकीच्या खेळाडूंना कळलं होतं. आपलं कॅरेक्टर अजाण आहे असं दाखवत सगळं ठाऊक असताना खेळणं, हा त्यांच्यासाठी एक वेगळाच त्रास होऊन बसला. आणि त्या अॅसॅसिनच्या कॅरेक्टर शीटवर, खर्चाच्या रकान्यात, दर मुक्कामाला एक छोटी रक्कम दिसायला लागली: ‘नदीकाठ’. मी कधी विचारलं नाही. त्याने ती कुणाला पोचत होती हे सांगितलं नाही. दुष्ट वृत्तीचं कॅरेक्टर असं वागू शकतं का, यावर एकाने आक्षेप घेतला. मी तो फेटाळला.

दाखल्याऐवजी वस्तू मागणारे खेळही आहेत. वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये (पहिली आवृत्ती 1986) सगळी मदार एकातून दुसऱ्यात जाता येणाऱ्या पेशांवर आहे. सुरुवात उंदीर मारणाऱ्यापासूनही होऊ शकते, सोबत एक छोटा पण चावरा कुत्रा. प्रत्येक पेशातून कुठे कुठे जाता येतं याची यादी असते. आपल्या पेशातली प्रगती पुरी करायची, अनुभवाचे गुण मोजायचे, आणि दुसऱ्या आवृत्तीत तर नव्या पेशाचं सामान आधी हातात हवं. नाइट व्हायचं तर युद्धाचा घोडा आणि चिलखत आणा. आता घोडा चोरला तर चालेल का? कर्जावर? मेलेल्या नाइटचा? पात्रता अशी खुंटीला टांगून ठेवण्याजोगी झाली की तिची चोरीही होते, आणि त्यातून निघणाऱ्या भानगडी एखाद्या ड्रॅगनच्या शिकारीहून जास्त सेशन खातात. यातला उंदीर मारणारा माझा फार लाडका आहे, पण त्याच्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने 11व्या लेव्हलला प्रत्येकाला एक पॅरागॉन पाथ दिला आणि 21व्या लेव्हलला एपिक डेस्टिनी. सगळ्यांना, वेळ झाली की. त्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. वेळापत्रकाने मिळालेल्या बढतीची कुणी गोष्ट सांगत नाही.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत प्रवेशाच्या अटी जवळजवळ गेल्याच. दुसऱ्या क्लासची लेव्हल घ्यायची असेल तर ठरावीक गुण 13 हवेत, इतकंच. पॅलॅडिन कुणीही व्हावं. जुन्या खेळाडूंतले काही जण यावर उसासे टाकतात, मला ते उसासे पटत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी नव्या खेळाडूला ‘तुझ्या फाशाला जमलं नाही’ म्हणून परत पाठवणं हा काही फार मोठा संस्कार नव्हता. आणि पाचव्या आवृत्तीत एक सुंदर गोष्ट आहे जी घाईत निसटते. पॅलॅडिन आपली शपथ 3ऱ्या लेव्हलला घेतो. त्याआधीच्या दोन लेव्हल तो बिनशपथेचा असतो. ढाल आहे, तलवार आहे, हाताच्या स्पर्शाने जखमा भरतात, पण अजून कशाला बांधलेला नाही. बहुतेक टेबलांवर या दोन लेव्हल दोन-तीन संध्याकाळी संपतात. मी त्या रेंगाळू देते. कोणती शपथ घेणार हे खेळाडूने आधीच ठरवलेलं असलं तरी त्याला त्या वाटेवर दोन माणसं भेटवते: एक ती शपथ पाळणारा आणि एक मोडलेला. दोघेही त्याला जेवायला बोलावतात.

माझ्या टेबलावर आता मी अटींची काटछाट करते. पुस्तकातल्या यादीतलं एखादं फीट खोडते आणि त्याजागी काहीतरी घडलेलं मागते. काही खेळाडूंना हे आवडत नाही. त्यांचं म्हणणं असं की फीटचा हिशेब माझ्या हातात असतो, ‘घडलेलं’ तुझ्या मर्जीवर. बरोबर आहे. डीएमची मर्जी हा जगातला सगळ्यांत बेभरवशाचा नियम, आणि छापील अटी त्यापासून खेळाडूला वाचवतात. म्हणून मी अट आधी लिहून देते, दोघांनी वाचून, आणि मग बदलत नाही. बदलावीशी वाटली तरी.

सध्याच्या कॅम्पेनमध्ये एका खेळाडूने मला उलट विचारलं, अट मी लिहू का? तिची क्लेरिक एका जळालेल्या मठातून पळालेली आहे, आत अडकलेल्यांना सोडून. तिला जो क्लास हवाय तो आम्ही दोघींनीच रचला, पुस्तकात नाही. राखेतून वाट काढणाऱ्यांचा एक पंथ, पाच लेव्हलचा. तिने अटी लिहून आणल्या. धर्मज्ञानाचे 8 रँक. आगीला विरोध करणारा एखादा मंत्र येत असावा. आणि तिसरी: ‘ज्याचं तिने नुकसान केलं आहे अशा एकाने तरी तिला मोकळ्या मनाने माफ केलेलं असावं.’

मी विचारलं, हे तू पुरं कशी करणार? ती म्हणाली, मी नाहीच करू शकत, म्हणून तर लिहिलं.

खरी गंमत त्यानंतर झाली. मठातले लोक तर गेलेले. पण मागच्या एका खिंडीत ती घाबरून मागे फिरली होती आणि आमचा ड्वॉर्फ फायटर एकटा दोन ट्रोलांच्या तावडीत सापडला होता. नुकसान झालेला माणूस टेबलावर समोरच बसलेला आहे, आणि तिसरी अट त्यानेही वाचली आहे. ती आता 7व्या लेव्हलला आहे, बाकी दोन्ही अटी पुऱ्या होऊन बरेच दिवस झाले. प्रत्येक सेशनच्या शेवटी ती त्याच्याकडे बघते. तो आपली शीट घडी घालत म्हणतो की माफ करायला त्याची हरकत नाही, पण मोकळ्या मनाने असं लिहिलंय, आणि मन अजून मोकळं झालेलं नाही. शिवाय त्या पळापळीत त्याचे बूट गेले होते, जादूचे. मागच्या वेळी तिने नवे बूट आणून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने घालून पाहिले, चार पावलं चालून दाखवली आणि म्हणाला, “छान आहेत. पण बुटांचा राग मी कधी धरलाच नव्हता.”